ओवाळून धाडलेला माणूस

भाऊजी, काल तुमचं तेरावं झालं. मांडव उतरला, भांडी घासून झाली, पाहुणे आपापल्या गावाला गेले आणि आज दुपारी मी तुमच्याशी भांडायला मोकळी झाले. तुम्ही म्हणाल, वहिनी, आता तरी सोडा. सोडणार नाही. इतकी वर्षं आपला एक वाद चालला होता आणि तो अर्ध्यावर टाकून तुम्ही निघून गेलात, हे काही शहाण्या माणसाचं वागणं नव्हे. वाद एवढाच, की तुम्हाला घराबाहेर कोणी काढलं? तुम्ही चारचौघांत सांगायचात, मला वहिनींनी धाडलं. मी म्हणायचे, तुम्ही आधीच ठरवून बसला होतात, नाव नुसतं माझं पुढं केलंत.

एरवी हा वाद गमतीचा होता. काल त्यातली गंमत गेली. पंगती उठल्यावर आत्याबाई, तुमची आई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घरी असता तर जगला असता." मी उलट बोलले नाही, पोटचं पोर गेलंय त्यांचं. पण त्या बोलण्याला उत्तर द्यायला हवं आणि ते देताना तुम्ही समोर हवेत. म्हणून पहिल्यापासून सांगते, चुकलं तिथं टोका.

एकाहत्तरच्या लढाईनंतर तुम्ही थेट घरी आला नाहीत. वर्षभर पुण्याच्या लष्करी दवाखान्यात राहिलात आणि मग चाकांच्या खुर्चीतून आलात. कंबरेखालचं सगळं अंग लुळं पडलं होतं. आपल्या गावात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे गावाला असलं दुःख नवं नव्हतं. गावानं रडायचं ते रडून घेतलं आणि मग घरानं तुमचा देव करून टाकला. खुर्ची सोप्यात, तोंड दाराकडे. सकाळी आंघोळ घालून बसवायचं, वेळेवर ताट हातात द्यायचं, दिवेलागणीला आत न्यायचं. आला-गेला तुमच्यासमोर मान खाली घालून बसायचा, चहा प्यायचा, हळहळायचा आणि जायचा. तुम्हाला उंबरा ओलांडायला दोन माणसं लागायची. मी एकदा म्हटलं, उंबऱ्यावर फळी टाकू, खुर्ची आपोआप जाईल. तुमचे दादा म्हणाले, त्याला कुठं जायचंय? माझा नवरा मनानं वाईट नाही, हे तुम्हीच मला शंभरदा सांगितलंत. पण त्याच्या डोक्यात खरंच आलं नव्हतं की तुम्हाला कुठं जायचं असेल.

त्या घरात तुमच्याशी नीट वागत नव्हते ती मी एकटीच. तुम्ही माझ्या भाकरीला नावं ठेवायचात, मी तुमच्या मिशांना. फौजेतल्या लंगरात याहून बरं मिळायचं म्हणालात, तेव्हा मी तुमचं ताट उचलून नेलं होतं आणि आत्याबाई माझ्यावर केवढ्या कडाडल्या होत्या. तुम्ही मात्र हसत होतात. दवाखान्यातून आल्यावर तुम्ही पोटातून हसलात ते त्या दिवशी, हे मी नीट ध्यानात ठेवलं आणि मग रोज काहीतरी कुरापत काढत राहिले.

मग विहिरीवरची मोटार जळाली आणि ती घेऊन जायला सांगलीजवळच्या कुपवाडहून जिनाप्पा आले. कारखान्यांच्या वसाहतीत त्यांचं छोटं वर्कशॉप, जळालेल्या मोटारींना पुन्हा तार भरून देण्याचं. ते आले तेव्हा तुम्ही शेजाऱ्यांचा रेडिओ मांडीवर उघडून बसला होतात. जिनाप्पा बराच वेळ उभे राहून बघत होते. मग सरळ म्हणाले, आमच्याकडं या की, हे बसूनच करायचं काम आहे, राहायला वर्कशॉपमागं खोली आहे. एवढं साधं बोलणं. पण दादांचा चेहरा कोणी भर सोप्यात थोबाडीत दिल्यासारखा झाला.

"आमच्या घरात दोन घास कमी पडल्यात व्हय?" ते म्हणाले. "लढाईतनं आलेल्या भावाला दुसऱ्याच्या दारात कामाला धाडू?"

जिनाप्पा मोटार घेऊन गेले. तुम्ही दादांशी त्या रात्री बोललात, दुसऱ्या दिवशी बोललात, शेवटी ओरडलात. दादा ओरडले नाहीत, ते रडायला लागले, आणि रडणाऱ्या थोरल्या भावाशी कोण वाद घालणार? तुम्ही गप्प झालात. मला तुमचं ओरडणं चाललं असतं. ते गप्प बसणं बघून मला भीती वाटायला लागली. कुरापती काढल्या तरी तुम्ही नुसतं हूं म्हणायचात.

दिवाळीनंतर गूळ घालायला सांगलीच्या पेठेत गेलेले लोक बातमी घेऊन आले, तिथं मोठा आनंदमेळा लागलाय. आकाशपाळणा आहे, हसवणारे आरसे आहेत, विहिरीत फटफटी चालवणारा माणूस आहे. तुम्ही पंधरा दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलंत आणि म्हणालात, मला पाळण्यात बसायचंय. आत्याबाईंनी कानावर हात ठेवले. मग मी म्हटलं, सांगलीच्या गणपतीला नेऊन आणतो. देवाला नाही कोण म्हणणार? दादा बरोबर येणार, तुम्हाला उचलायला. मी येणार, कारण बाईमाणसाला देवाला जायला कोणी अडवत नाही. ठरलं.

आता इथून आपला वाद सुरू होतो. सकाळी तुम्ही फौजेतला तो जाड कोट अंगात घालून बसलात. थंडी होती, असं तुमचं म्हणणं. पायाशी काळी ट्रंक. त्यात रबराची चादर आणि बदलायचे कपडे आहेत, असंही तुमचं म्हणणं. मी दही-साखरेची वाटी आणून तुमच्या तळहातावर चमचाभर ठेवलं. रजा संपवून फौजेत निघालेल्या माणसाला आपल्यात तसं देतात. मला चेष्टा करायची होती, चला भाऊजी, निघा पाळण्याच्या ड्युटीवर. तुम्हीही अगदी गंभीर तोंड करून ते चाटलंत. नेमकी तेव्हाच शेजारची हौसाक्का ताक मागायला आली. कोट, ट्रंक, दही. तिनं एवढं बघितलं आणि गेली पळत, आळीभर सांगत, की संपतला परत बोलावणं आलं.

दादा तुम्हाला पाठीवर घेऊन दाराबाहेर येतात आणि खुर्चीत बसवतात तोवर निम्मी आळी जमली होती. बायका ओवाळणीची ताटं घेऊन आल्या. कोणी पाण्याची भरली कळशी घेऊन समोरून आली. हलगीवाला आला. पाय लुळे पडलेल्या माणसाला फौज कशाला बोलवेल, हा विचार एकाच्याही मनात आला नाही. ज्याच्या हातावर दही पडलं, तो निघाला, एवढंच त्या लोकांना ठाऊक. मी तोंड उघडणार होते, तर तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी मिटून घेतलं. आणि मग किसन सुभेदार आले, पेन्शन घेऊन बसलेले, गावातले सगळ्यांत जुने फौजी. त्यांनी खुर्चीसमोर टाच जुळवून तुम्हाला सलाम केला. दवाखान्यातून आल्यापासून तुमच्यासमोर सगळ्यांनी मान खाली घातली होती. मान वर करून बघणारा हा पहिलाच. तुम्ही पाठ ताठ करून सलाम परत केलात. तुमचा तो हात मला अजून दिसतो.

एसटीच्या टपावर खुर्ची चढवली, तुम्हाला खिडकीशी बसवलं. हलगी बसच्या मागं वेशीपर्यंत वाजत आली. दादा लाजेनं अर्धे झाले होते, खोटं बोललो गावाशी म्हणून. तुम्ही खिडकीबाहेर बघत बसला होतात. बरेच मैल गेल्यावर मला हळूच म्हणालात, ओवाळणी लय जड पडली, वहिनी. मी हसले. तेव्हा मला त्यातलं काही कळलं नव्हतं.

आधी देवदर्शन केलं, कारण देवाच्या नावानं निघालो होतो. मग मेळ्यात. तिथल्या फुफाट्यात खुर्चीची पुढची चाकं रुतायची आणि दादा मागून ढकलून घामाघूम. एक लहान पोरगी आईचा हात सोडून आपल्यामागं चालत होती. शेवटी धीर करून तिनं मला विचारलं, ह्या गाडीचं तिकीट कुठं मिळतं? तिची आई ओशाळली. तुम्ही त्या पोरीला मांडीवर घेतलंत आणि हातानं चाकं फिरवत तिला मैदानाच्या कडेच्या टणक जमिनीवरून चक्कर मारून आणलीत. मग तिच्यामागं आणखी पोरं लागली. आरशांच्या तंबूत मी कणगीएवढी झाले आणि तुम्ही उसासारखे उंच. आरशात तुमचे पाय खांबासारखे लांबच लांब. मला वाटलं, आता हे खट्टू होणार. तुम्ही म्हणालात, एवढी मापं फौजेला दाखवली असती तर सुभेदार करून घेतला असता. दादा पहिल्यांदा हसले ते तिथं.

पाळणेवाला मात्र अडला. अशा माणसाला बसवत नाही, पडला तर कोण जबाबदार, असं त्याचं चाललं. दादा लगेच म्हणाले, बरोबर आहे, चला. मागं रांग लागली होती आणि सगळी रांग ऐकत होती. तुम्ही आवाज न चढवता त्याला विचारलंत, "पाळण्यात उभं कोण ऱ्हातंय? सगळे बसलेलेच हायती की."

रांगेतले लोक हसले आणि मग तुमच्याच बाजूनं बोलायला लागले. शेवटी पाळणेवाला बांधून बसवा म्हणाला. दोरी कुठली आणायची? दादांनी डोक्याचा पटका सोडला आणि तुम्हाला पाळण्याच्या बाकाला दोन वेढे देऊन बांधलं. चारचौघांत तुमचे दादा उघड्या डोक्यानं उभे राहिलेले मी त्याआधी फक्त मामंजी गेले तेव्हा बघितले होते. वर यायला त्यांचा धीर नव्हता, म्हणून शेजारी मी बसले.

मी डोळे मिटले होते, ही गोष्ट तुम्ही पुढं गावभर केलीत. खरी आहे, जाऊ दे. खालचे पाळणे भरायला आपला पाळणा वर थांबवला आणि तुम्ही म्हणालात, बघा तरी. मी बघितलं. घरांची कौलं, पेठेतल्या गाड्या, त्यापलीकडे कृष्णेचं पाणी, दुसऱ्या अंगाला कुपवाडच्या शेडांचे पत्रे उन्हात चमकत होते. तुमचा चेहरा इतका शांत होता की मी भीती विसरले.

"वहिनी, मी माघारी येणार न्हाई," तुम्ही म्हणालात. "गावानं ओवाळून धाडलंय मला. सांजच्याला पाळण्यात बसून परत आलो तर सुभेदाराला काय तोंड दावू?"

मला आधी चेष्टा वाटली. पण तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. मी विचारलं, दादांना कोण सांगणार? तुम्ही म्हणालात, तुमी. सांगा, फौजेत लढलेल्या माणसानं असं बाईमाणसाच्या आड लपावं? त्यावरून मी तुम्हाला काही कमी बोलले नाही वर, आणि तो पाळणा मध्येच हलला तेव्हा तुमचाच दंड धरला.

मग मी खाली बघितलं. दादा थकून तुमच्या खुर्चीत बसले होते. उघडं डोकं, मांडीवर हात, आणि येणारे-जाणारे लोक वळून वळून त्यांच्याकडे बघत होते. एक म्हातारी थांबली, तिनं त्यांच्या हातात केळं ठेवलं आणि त्यांच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. दादा हलले नाहीत. पुढं त्यांनी मला सांगितलं, उठून उभं राहिलो असतो तर म्हातारीला काय वाटलं असतं, म्हणून तसाच बसलो. आणखी दोघं आले, काय झालं होतं विचारून, जीभ चुकचुकवून गेले. आपण वरून सगळं बघत होतो. तुम्ही हसत नव्हतात.

खाली आल्यावर मी दादांना सांगितलं. जसं सुचलं तसं, एका दमात सांगितलं, की भाऊजी जिनाप्पांकडे जातायत, आपण त्यांना अडवायचं नाही. मला वाटलं, दादा चिडतील. ते हातातल्या केळ्याकडे बघत होते.

"संप्या," ते म्हणाले, "रोज असंच व्हतं व्हय रं तुला?"

"रोज," तुम्ही म्हणालात.

दादांनी तुम्हाला उचलून खुर्चीत ठेवलं, पटका गुंडाळला आणि मला विचारलं, जिनाप्पाचं घर ठाऊक आहे का. एवढंच. पुढं काय म्हणायचं ते दोघं भाऊ कधीच म्हणाले नाहीत, आणि म्हटलं नाही म्हणून काही अडलंही नाही.

जिनाप्पांच्या वर्कशॉपमागच्या खोलीत ट्रंक उघडली तेव्हा मी बघितलं. चार सदरे, दाढीचं सामान, पकडी, पेचकस, कांबळं. देवाला आणि मेळ्याला निघालेला माणूस पेचकस घेऊन निघतो? मी म्हटलं, भाऊजी, हे आधीच ठरलेलं होतं. तुम्ही म्हणालात, फौजी माणसाची ट्रंक कायम भरलेली असते, तुम्ही दही दिलं नसतं तर संध्याकाळी ती तशीच परत आली असती. आजतागायत मला कळलेलं नाही की तुम्ही खरं बोलत होतात की नाही.

गावात मी दादांबरोबर रिकाम्या हातानं परत आले. आत्याबाई माझ्याशी संक्रांतीपर्यंत बोलल्या नाहीत. हौसाक्का अजून समजते की तुम्ही फौजेतच होता. सुभेदारांनी मला विहिरीवर गाठून विचारलं, पोराची ड्युटी कुठं लागली. खोटं बोलवेना. सांगितलं, मोटारी भरतात, सांगलीजवळ. ते म्हणाले, काम असलं म्हंजे ड्युटीच की.

आणि तुम्ही काम केलंत. आम्ही यायचो तेव्हा तुमची नखं काळी असायची, तारेनं बोटं कापलेली असायची. आमच्या भागातल्या विहिरींवर तुम्ही भरलेल्या मोटारी आहेत. लोक मोटार आणायला आले की आधी तुमच्याशी हुज्जत घालायचे, उशीर का, तार हलकी का घातली, परत जळाली कशी. कोणी मान खाली घालायचं नाही. दादांनी मदतीला माणूस ठेवला तर तुम्ही त्याला आठवड्यात परत पाठवलंत आणि दादांना नाही नाही ते बोललात. तिखट झाला होतात तुम्ही तिथं राहून. मला तुम्ही तिखट आवडायचात. सणाला घरी यायचात, आईच्या हातचं खायचात आणि तिसऱ्या दिवशी जिनाप्पांना निरोप धाडायचात, की न्यायला या.

आता माझं भांडण. बसून बसून पाठीला जखम झाली होती, ताप येत होता आणि तुम्ही महिनाभर कोणाला सांगितलं नाहीत. जिनाप्पांना नाही, मला नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. हे मला मान्य नाही, भाऊजी. तुमच्या आई म्हणाल्या ते खरं असेल. घरी असता तर मी ती जखम पहिल्या दिवशी बघितली असती आणि तुम्ही कदाचित आणखी दहा वर्षं जगला असता, त्याच सोप्यात, दाराकडे तोंड करून. आत्याबाईंना मी हे सांगणार आहे, आज नाही, त्यांचा हुंदका ओसरला की. सांगणार, की हो, मीच धाडलं. आपला वाद मी इथं हरले म्हणा. दही मी दिलं, दादांशी मी बोलले, आणि तीच वेळ पुन्हा आली तर तेच करीन. कृष्णेच्या काठी तुम्हाला शेवटचं पोचवायला वर्कशॉपचे लोक आले होते, वसाहतीतले आले होते, तुमच्याशी भांडलेले शेतकरी आले होते. त्यातला एकही जण बिचारा म्हणाला नाही. मी कान देऊन ऐकत होते.

एक गोष्ट मात्र मी तुमच्यापासून चोरून ठेवली. तुम्ही गेलात आणि ते घर मला खायला उठलं. माझी थट्टा कळणारं माणूस त्या घरात दुसरं नव्हतं. दिवस दिवस मी कामापुरतं बोलायचे. जिनाप्पा आपल्या भागात मोटार पोचवायला आले की जाताना विचारायचे, भाऊजींना काय निरोप? दर वेळी माझ्या तोंडात यायचं, म्हणावं, या परत, मला करमत नाही. आणि दर वेळी मी सांगायचे, सगळं झकास आहे म्हणावं. कारण मी एकदा जरी तसं म्हटलं असतं, तर तुम्ही सगळं टाकून आला असता. मला ठाऊक होतं.

आता तुम्ही कुठूनच येणार नाही, म्हणून सांगते. भाऊजी, मला तुमच्याविना करमत नाही. तेव्हाही करमत नव्हतं.